खालच्या डोळ्याचं झाकण

माझ्या काकांचा कॅमेरा दोन डोळ्यांचा होता. वरच्या डोळ्यातून बघायचं, खालच्याने फोटो निघायचा. तो पोटाशी धरून मान खाली घालावी लागे, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला वाटे, फोटोग्राफर लाजाळू आहे. काका लाजाळू नव्हते. ते कुणालाच भीक घालत नसत.

कॅमेऱ्याचं मूळचं झाकण केव्हाच हरवलं होतं. वरचा डोळा उघडाच असे आणि खालच्यावर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण बसे. ते काढायचं राहिलं तरी वरून सगळं स्वच्छ दिसतं, रीळ मात्र कोरं निघतं. काका हमखास विसरत. म्हणून काकू दिव्याजवळ उभी राहून दर वेळी म्हणे, "अहो, झाकण." अर्ध्या गावाची ओळखपत्रं त्या दोन शब्दांवर निघाली आहेत. तिचा स्वतःचा मात्र एकही फोटो नव्हता. "घरचीच तर आहे, काढू केव्हाही," असं काका चाळीस वर्षं म्हणत होते. मला याचा राग येई, पण पुतण्याला विचारतो कोण.

मग काकूच्या कानाखाली गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढता येईल, पण चेहऱ्याची डावी बाजू उतरेल आणि ती परत वर यायची नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी काकांनी स्टुडिओ बंदची पाटी लावली. तरीही येणारी गिऱ्हाइकं परतवायला मला दाराबाहेर उभं केलं. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"स्टुलावर बस. बोलायचं नाही. ओठ हलले की फोटो हलतो."

एरवी काका एका माणसावर एकाहून जास्त फोटो वाया घालवत नसत. त्या दिवशी रिळातले बाराच्या बारा त्यांनी काकूवर खर्च केले. तासभर लागला.

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी काकांनी रीळ धुतलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरं होतं.

ते तसंच घेऊन आम्ही इस्पितळात गेलो. "झाकण राहिलं," काका म्हणाले आणि खुर्चीत बसून रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते मला कळेना.

काकूचं तोंड पट्ट्यांनी बांधलेलं होतं. तिने खुणेनं कागद-पेन्सिल मागितली आणि लिहिलं, "मला दिसत होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"बोलायचं नाही म्हणालात."

काकांनी कपाळावर हात मारला. काकूने कागद पुन्हा ओढून घेतला आणि सावकाश लिहिलं, "तासभर माझ्याकडेच बघत होतात. म्हटलं, बघू द्यावं."

पट्ट्या सुटल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच तिचा डावा गाल उतरला होता. काकांनी तिला त्याच स्टुलावर बसवलं, झाकण काढून खिशात टाकलं आणि मान खाली घातली.

"या वेळी बोललीस तरी चालेल," ते म्हणाले.

तो फोटो जरा हललेला आहे. काकांनी तोच मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला.