कान बघणारे डॉक्टर

निकम डॉक्टर भेटले की नमस्काराआधी समोरच्याच्या कानांकडे बघत, मग तो सभापती असो नाहीतर एसटीचा कंडक्टर. "सवय हाय रं गड्या," म्हणत, "डुकराचा आजार आधी कानावर उमटतोय." उंब्रजच्या गुरांच्या दवाखान्यात मी त्यांचा कंपाउंडर होतो. डुक्कर म्हटलं की आधीचे डॉक्टर नाकाला रुमाल लावायचे. हे मात्र गाईइतक्याच मायेनं त्याच्या पोटावर हात फिरवत.

एका साली दुष्काळ सरल्यावर गावातल्या सखुबाईनं पाळलेली डुकरं पटापट मरायला लागली. तापानं फणफणायची, एकमेकांवर पडून राहायची, उठली की मागचे पाय लटपटायचे. कान आतून जांभळे, पोटही तसंच. डुकरं उसात घुसली म्हणून शेजारच्या तात्यांशी तिचं नुकतंच भांडण झालेलं. तिनं थेट त्यांचं दार गाठलं. "इख घातलंस माझ्या लेकरांस्नी! वाटोळं हुईल तुझं!" मागं तिचा थोरला कुऱ्हाड घेऊन उभा. तात्याही काठी घेऊन बाहेर आले. आता डोकी फुटणार, या भीतीनं मी डॉक्टरांना बोलवायला धावलो.

डॉक्टरांनी सगळ्यांना ओढ्याकाठी नेलं आणि मेलेलं डुक्कर त्यांच्यासमोरच फाडलं. मूत्रपिंडावर बारीक लाल ठिपके, आतड्यात सदऱ्याच्या बटणांसारखे गोल व्रण. "बघ सखू, इखानं असली बटणं लागत न्हाईत. ह्यो डुकरांचा साथीचा ताप हाय, आजारी डुकराच्या मटणातनंबी येतोय. आता खरं सांग, बाहेरनं मटण कवा आणलंस?"

सखुबाई म्हणाली, "लोणंदच्या भनीकडनं. तिचं डुक्कर मलूल हुतं, म्हणून कापलं. मटण धुतल्यालं पाणी आमच्या डुकरांस्नी घातलं. टाकायचं कसं वं?" आणि मटकन खाली बसली. "आवं, म्याच मारली की माझी डुकरं!" मला फार वाईट वाटलं.

एक गाभण डुकरीण तेवढी धड उरलेली. तिला लांब ठेवायला हवं होतं, पण डुकराला थारा कोण देणार? तात्यांनी काठी टाकली. "मळ्यातला गोठा मोकळा हाय माझा," ते पुटपुटले. बागायतदाराच्या गोठ्यात डुकरीण! गावानं लय चेष्टा केली. पिल्लं झाली तेव्हा तात्याच सायकल दामटत दवाखान्यात आले. "आवं डॉक्टर, समद्यांचं कान बघितलं म्या. झ्याक हाईत!"

पुढं डॉक्टरांची पाटणला बदली झाली. स्टँडवर सखुबाई आली आणि एकटक त्यांच्या कानांकडे बघत राहिली. "लाल झाल्यात की वं! बरं वाटत न्हाई का?"

डॉक्टरांनी नाक ओढलं. "काय न्हाई गं. टोपी घट्ट हाय."

डोक्यावर टोपी नव्हतीच.