हव म्हणणारे सभासद

आमच्या चौबे कॉलोनीतले एक काका कशालाच नाही म्हणत नाहीत. रेल्वेतून रिटायर झालेले, आणि मे महिन्यातही डोक्यावर तीच कानटोपी. तुम्ही काहीही बोला, ते मान डोलावून "हव" म्हणतात. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. काकांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो, हे मला फार उशिरा कळलं.

कॉलोनीत पर्यावरण सल्लागार समिती काढायचं ठरलं.

"काका, तुम्ही सभासद व्हाल?"

"हव."

"अध्यक्ष मी झालो तर चालेल?"

"हव."

मी खूश. पहिल्याच बैठकीत समितीच्या बोर्डाचा विषय निघाला. बोर्ड रस्त्यावरून दिसायला हवा आणि मध्ये तर करंजाचं झाड येत होतं. तोडायचं का? सगळ्यांनी हात वर केले, काका म्हणाले, "हव." मी वहीत "एकमताने मंजूर" लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडवाला आला, तर काका करंजाला टेकून, खुर्ची टाकून बसलेले. हातात चहा.

"काका, जरा उठता का?"

"हव."

उठले नाहीत.

"काल तुम्हीच हव म्हटलं होतं ना जी?"

"हव." आणि बशीत चहा ओतला.

कुऱ्हाडवाला हसायला लागला. मी चिडलो.

"मग काहून बसून राहिले इथं?"

काकांनी बशी संपवली, मिशी पुसली.

"सल्ला देऊन राहिलो ना, अध्यक्षसाहेब."