घंटा झाली की गिरणीवर यायचं नाही

गिरणीवाल्या काकूंना हळू बोलताच येत नाही. घरघरणाऱ्या गिरणीशेजारी बावीस वर्षं उभं राहून "जाड की बारीक?" विचारत राहिलं की आवाज त्याच पट्टीला अडकून बसतो. कुणाच्या घरी बाळ झोपलेलं असलं की काकू दारातूनच खुणा करतात, आणि त्या खुणाही एवढ्या जोरात की पडदा हलतो.

गेल्या उन्हाळ्यात शाळेमागची चाऱ्याची शेड पेटली. शहरातून बंब यायला सव्वा तास लागला. तोवर विझवायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी हातात रिकामी बादली घेऊन उभ्या राहिलेल्या काकूंनी ठरवलं, आपल्या गावाचं आपलं पथक हवं. वर्षभर अर्ज केले, खेटे घातले आणि एक बंबगाडी मिळवली. दोन चाकं, वर पाण्याची टाकी, दोन्ही बाजूंना दांडे. चौघांनी दांडे मारले की पाइपातून पाणी सुटतं. पण गाडी होती चाचणीपुरती. पथक चाललं तर गावाची, नाही तर परत.

पहिल्या सभेला तेवीस जणांनी नावं दिली. काकू हरखून गेल्या.

चाचणीला शहरातून अग्निशमन दलाच्या प्रशिक्षक मॅडम आल्या. त्या शब्द मोजूनमापून, जणू रेशनवर मिळाल्यासारखे वापरायच्या. शाळेमागच्या मैदानात त्यांनी वाळक्या गवताचा ढीग पेटवला, शाळेची घंटा वाजवली आणि घड्याळ हातात धरलं.

काकू गिरणी बंद करून सुसाट सुटल्या. एकट्यांनी गाडी ओढली, एकट्यांनी पाइप उलगडला, एका बाजूचा दांडा मारून पळत दुसऱ्या बाजूला गेल्या. पाणी काही येईना.

"बाकीचे?" मॅडम.

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या घरातली कॉलेजात जाणारी पोरगी. सगळ्या गावात हिची रेंज, म्हणून हिचं नाव वायफाय.

"काकू, कुठाय तुम्ही? आम्ही सगळे केव्हाचे गिरणीवर येऊन उभे आहोत! काय करायचं ते सांगा ना पटकन!"

मागून हेडमास्तरांचा आवाज, "मुद्दा क्रमांक एक, काकू जागेवर नाहीत. मुद्दा क्रमांक दोन, धूर दिसतोय."

मॅडमनी घड्याळ खिशात टाकलं. "पथक चांगलं आहे. एका माणसाचं आहे. पुढच्या रविवारी परत येते. सात मिनिटांत पाणी. तुम्ही हात लावायचा नाही. कशालाच. नाही जमलं तर गाडी पलीकडच्या गावाला."

घरी आल्यावर काकू तणतणल्या, "तेवीस माणसं, आणि एकाला म्हणून डोकं नाही!"

सासूबाई धान्यातले खडे वेचत होत्या. "डोकं आहे गं. तू वापरू देत नाहीस. मी घासलेलं भांडं तू परत घासतेस. मी त्यावर कधी काही बोलते का? म्हणजे रोज बोलते, पण गिरणीच्या आवाजात तुला ऐकू कुठे येतं!"

काकूंनी परत घासायला उचललेलं भांडं पहिल्यांदाच तसंच खाली ठेवलं. सासूबाईंनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारपासून गिरणीवर नवाच खेळ सुरू झाला. दळण तयार, डबा समोर, पण झाकणावर काकूंचा हात.

"दळण मिळेल. आधी सांग, घंटा झाली की कुठे?"

"अं... इथे?"

"परत रांगेत!"

मंगळवारपर्यंत रांगेतली पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे एका सुरात ओरडायला लागले, "गिरणीवर नाही! मैदानात!" झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली असायची. तू दांडा. तू बादली. तू रस्ता मोकळा कर. पथकात नाव न दिलेल्यांच्या डब्यांवरही चिठ्ठ्या निघाल्या. डबा सोडून जाणार कोण? बघता बघता तेविसाचे एकेचाळीस झाले.

पाइप सलूनवाल्याकडे गेला. "पाइप धरायचा म्हणजे गिऱ्हाइकाचं डोकं धरतो तसा," तो सगळ्यांना शिकवायला लागला. "घट्ट, पण त्याला कळता कामा नये."

"अरे असा नाही, आण इकडे!" काकूंचा हात गेलाच. बुधवारी चार वेळा गेला, गुरुवारी सहा वेळा. शेवटी काकू सासूबाईंकडे गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. "बांधा."

सासूबाईंनी पोत्याची सुतळी घेतली आणि पोत्याचीच गाठ मारली. इतकी वर्षं वाट पाहिल्यासारखी, मन लावून.

रविवार उजाडला. काकू गिरणीत उभ्या, हात मागे बांधलेले, नजर दारावर.

घंटा झाली.

दार रिकामं. काकू मनात आकडे मोजायला लागल्या. वीस. तीस. अजून रिकामं! आणि तेवढ्यात धापा टाकत हेडमास्तर दारात. संपलं सगळं!

"काकू, मुद्दा क्रमांक ए..." हेडमास्तरांनी तोंडावर हात मारला. "गिरणीवर नाही! मैदानात!" आणि आले तसे उलटे पळाले.

काकूंच्याने राहवेना. सासूबाईंनी गिरणी बंद केली आणि दोघी निघाल्या. पुढे हात बांधलेल्या काकू, मागे सुतळीचं टोक धरून सासूबाई.

मैदानात नुसती धमाल. वायफाय ओरडतेय, "एक! दोन! एक! दोन!" दांड्यावर चौघं, त्यातल्या एकाची अर्धीच दाढी झालेली आणि गळ्यात सलूनचा टॉवेल. बादल्यांची रांग थेट विहिरीपर्यंत. सलूनवाल्याने पाइप उचलला, पाणी सुटलं आणि आधी हेडमास्तरांना नखशिखांत न्हाऊ घातलं. मग पाइप वळला आणि ढीग फुस्सकन विझला.

"सहा मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद," मॅडम म्हणाल्या.

काय तो आरडाओरडा! वायफाय टाकीवर चढून नाचली. निथळणारे हेडमास्तर म्हणाले, "मुद्दा एकच. झालं!"

मॅडमनी कागद काढला. "गाडी इथेच राहील. सही हवी. पथकप्रमुख कोण?"

वायफायचा हात वर. सलूनवाल्याचा हात वर, पाइपासकट. अर्ध्या दाढीवाल्याचाही वर. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळे काकूंकडे वळले.

काकूंनी खांदे उडवले. तेवढंच हलत होतं.

"सोडू का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"राहू द्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या मते ते हळूच म्हणाल्या. "वायफाय, तू कर सही!"

पलीकडच्या गावालाही ऐकू गेलं असेल.