क्लच पूर्ण सुटत नाही

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याचीच गाडी घेऊन चाकांत हवा भरायला गेलो होतो. संध्याकाळी त्याला फिरवून आणायचं ठरलं होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, परत या. सावकाश या, घाई नको." गाडी वळवताना दोनदा बंद पडली.

भोपाळच्या सरकारी कारखान्यात आम्ही एकाच वर्षी लागलो, तो सांगलीहून आलेला, मी नागपूरहून. तो इंजिनिअर आणि मी अकाउंट्समध्ये, म्हणजे त्याच्या मते बिनकामाचा माणूस. कारखान्यात त्याचा एक हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. काहीही बिघडलं की आधी मशीन तपासायचं, ते चालवणाऱ्या माणसावर बोट सगळ्यात शेवटी. त्यापायी तो वरिष्ठांशी भांडला, त्याच्या बढत्या हुकल्या, पण कामगारांनी त्याला जीव लावला. निवृत्तीनंतर भोपाळातच, सोनागिरी वस्तीत आम्ही शेजारी झालो आणि तपासायला त्याच्याकडे एकच मशीन उरलं, ही जुनी गाडी.

एका हिवाळ्यात ती गिअर टाकताना करकरायला लागली. सुधाकरला जणू पुन्हा ड्यूटी लागली. इंजिन बंद ठेवून त्याने मला सगळे गिअर टाकून दाखवले, अलगद पडले. इंजिन सुरू केलं की पुन्हा करकर, रिव्हर्सला तर विचारू नका. "म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत आहे," तो म्हणाला, "क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल सैल पडली असणार." केबल बदलली. मग हट्टाने क्लचप्लेट बदलली, गॅरेजवाले रईसभाई "साहब, ये तो अभी अच्छी-खासी है" म्हणत असतानाही. करकर तशीच. रईसभाईंच्या हाती गाडी गुमान चालायची, त्यावर याचं उत्तर तयार, "त्यांचा हात बसलाय रे, ते कसलीही गाडी चालवतील." मी म्हटलं, "तिलाही निवृत्त कर." तो हसला नाही.

मग एका रविवारी त्याने मला चालवायला बसवलं. "तू चालव, मी ऐकतो." माझं ड्रायव्हिंग म्हणजे आनंदच. पण पहिला, दुसरा, तिसरा... एकदाही आवाज नाही. रिव्हर्सही निमूट पडला. सुधाकर डाव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "मशीन ठीक आहे रे." त्याचं निदान अचूक होतं, क्लच पूर्ण सुटतच नव्हता. कारण त्याचा पाय तो पूर्ण दाबू शकत नव्हता.

साकेत नगरजवळच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी नीट समजावलं. स्नायूंपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या नसाच निकामी होत चालल्या होत्या. "म्हणजे केबलच," सुधाकर म्हणाला, "बदलता येत नाही?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मी तिथे फायली पोटाशी धरून उभा होतो. इतकं निरुपयोगी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती, भांडायचं तरी कुणाशी?

त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्याला कारखान्याच्या टाउनशिपमधल्या रिकाम्या क्वार्टरांपर्यंत नेऊन आणायचो. तो शेजारी, वहिनी मागे. सुरुवातीला मी गिअर बदलायच्या आधी त्याचा डावा पाय चटईवर दाबला जायचा. पुढे पाय हलेनासा झाला, तेव्हा इंजिनाच्या आवाजावरून तो नुसतं "हं" म्हणायचा आणि मी गिअर टाकायचो. शेवटी शेवटी शब्द गेले, पण "हं" राहिला होता.

परवा वहिनींना बँकेत न्यायचं होतं. पुढची सीट रिकामी ठेवून त्या सवयीने मागेच बसल्या. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहिलं आणि मी आपला थांबलेला... मागून वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, टाका ना दुसरा." मी क्लच दाबला. माझा पाय सहज तळापर्यंत गेला, आणि तेच मला सहन झालं नाही.