मास्तर गप्प झाले तो आठवडा

सोमवारी सकाळी आत्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि मास्तर बोललेच नाहीत.

मास्तर म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज. आत्यांना जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं सगळं हा आवाज नाकातून वाचून दाखवायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही जोडी बावीस वर्षं ब्रेलची पुस्तकं करत होती. आत्या मजकूर टाइप करायच्या, मास्तर तो वाचून दाखवायचे, एक जुना प्रोग्रॅम त्याचं ब्रेल करायचा आणि कोपऱ्यातलं यंत्र जाड कागदावर टिंबं उठवायचं. आत्यांचं खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं.

कॉम्प्युटरवाला आला, त्याने खुडबुड केली आणि हात टेकले. "शनिवारी सगळीकडे नवीन सिस्टिम टाकली. तुमचे दोन्ही जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत, आणि ते करणारी कंपनीच बंद पडलीय. पडदा मात्र एकदम झकास दिसतोय."

"मग घे डोळे भरून बघून," आत्या म्हणाल्या.

वाचनालयाच्या साहेबांनी तर निकालच लावून टाकला. "आत्या, नवीन प्रोग्रॅम मागवतो. यायला महिना लागेल. मग इथे एखादा डोळस माणूस बसवू, त्याला पडद्यावर सोपं जाईल. तुम्ही पुढे येऊन फोन घ्या, आरामात."

आराम हा शब्द आत्यांना भलताच झोंबला. तसं फोन घेण्यात काही कमीपणा नव्हता. पण शुक्रवारी एक मुलगी पुस्तक न्यायला येणार होती. तीही दृष्टिहीन, फिजिओथेरपी शिकणारी. पुढच्या सोमवारी तिची परीक्षा, आणि हाताच्या हाडांचा सबंध धडा कॉम्प्युटरमध्ये टाइप झाला होता, पण छापायचा बाकी होता. महिनाभराने मिळणारा धडा तिने काय उशाला घ्यायचा?

"शुक्रवारपर्यंत खुर्ची माझी," आत्या म्हणाल्या. साहेब बरं म्हणाले, कारण नाही म्हणायला त्यांना धीर झाला नाही.

नव्या सिस्टिममध्ये स्वतःचा एक आवाज होता. आत्यांनी तो सुरू करून घेतला. त्या आवाजातली बाई फार गोड बोलायची आणि आगगाडी सुटल्यासारखी सुटायची. दिवसभरात आत्यांनी तिला ताळ्यावर आणलं. राहिलं छपाईयंत्र. ते नव्या सिस्टिमला ओळखच देईना.

"त्याला साधं अक्षरं छापणारं यंत्र म्हणून जोड," आत्यांनी कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं. "अगदी सुरुवातीला आम्ही तसंच करायचो. एकेक टिंबगट मी हाताने टाइप करीन."

"सगळा धडा? हाताने?"

"पायाने जमत नाही अजून."

मंगळवारी सकाळी आठलाच त्यांनी ठाण मांडलं. बाई धडा वाचायची आणि आत्या टाइप करायच्या: ब्रेलचं अक्षर म्हणजे टिंबांचा गट, आणि प्रत्येक टिंबगटाला एक ठरलेलं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. दुपारी पहिली दहा पानं छापून निघाली. कॉम्प्युटरवाल्याने ती उजेडात धरली. "टिंबं काय सुरेख उठलीत!"

आत्यांनी दोन ओळींवरून बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. टिंबं सुरेख होती, पण शब्दांचा पत्ता नव्हता. आत्यांची इंग्रजी अक्षरं म्हणजे चुकीचं इंग्रजी, असं सिस्टिमला वाटलं होतं आणि तिने आपल्या मनाने सगळं शुद्ध करून ठेवलं होतं. मनगटाच्या हाडाचा पार चुथडा झाला होता.

आत्या चिडल्या. आयुष्यभर लोकांनी न विचारता हात धरून त्यांना रस्ता पार करून दिला होता, कधीकधी तर रस्ता पार करायचा नसतानाही. आता यंत्रही तेच करायला लागलं.

"ही आपोआप दुरुस्ती बंद कर आधी," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. बोटांची पेरं ठणकायला लागली तेव्हा त्यांनी ती गरम पाण्यात बुडवली, पुसली आणि पुन्हा बसल्या. शुक्रवारी अकरा वाजता शेवटचं पान निघालं. प्रत्येक पान त्यांनी बोटाने वाचून पाहिलं होतं.

मुलगी आली. मागोमाग साहेबही आले, हातात बदलीचा कागद घेऊन. मुलीने तिथेच पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. अंगठ्याच्या हाडापाशी ती थांबली.

"आत्या, इथे एक टिंब उठलेलं नाही."

साहेबांनी वाकून पाहिलं. त्यांना पान टिंबांनी भरलेलं दिसलं.

आत्यांनी तिच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. "खरंच की. नजरचूक झाली माझी." त्यांनी पान उलटं केलं, खणातून टोचणी काढली, जागा चाचपली आणि एकदाच दाबलं. "आता बघ."

मुलीने बोट फिरवलं. "आता बरोबर आहे." आणि ती पुढे वाचत गेली.

"साहेब, तो डोळस माणूस कधी येतोय?" आत्यांनी विचारलं. "त्याला ब्रेल शिकवायला लागेल ना. वर्षभर तरी जाईल."

कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग खिशात सरकवल्याचा.

"फोनसाठी बघतो मी दुसरं कुणीतरी," साहेब म्हणाले.