इतिहास नेहमी चढावर लागायचा

नाशिकला समुद्र नाही. ही उणीव शहराने कधी मनाला लावून घेतली नव्हती, पण आमच्या सायकलवाल्या मंडळींनी लावून घेतली. आमचा कप्तान बँकेत अधिकारी होता. एका सुट्टीत तो कोकणात खाडीच्या काठाने, किल्ले बघत, चार दिवस सायकल चालवून आला आणि पुढचे चार महिने आम्हाला ती खाडी ऐकावी लागली. शेवटी आम्ही ठरवलं की आपल्याला रजा मिळत नाही तर नाही, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर हीच आपली खाडी. दर रविवारी सकाळी निघायचं, पाण्याच्या कडेकडेने जायचं, वाटेतली ऐतिहासिक स्थळं बघायची आणि उन्हं तापायच्या आत परत येऊन मिसळ खायची.

स्थळं दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात स्टोअरला होतो, दिवसभर नटबोल्ट आणि बेअरिंगं. पण बी.ए.ला इतिहास घेतलेला सगळ्या ग्रुपात मी एकटाच. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. तेव्हा एवढं पुरायचं.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही पुष्कळ वर्षं सांगितलं नव्हतं. मी सिगारेट ओढायचो. लग्नात सोडली असं घरी सांगितलं होतं, आणि ग्रुपमध्ये तर मी निर्व्यसनी माणसाचा नमुना होतो. सपाटीवर हे खपून जायचं. चढ आला की छाती भात्यासारखी वाजायची. मग मी एक युक्ती काढली. दम तुटायला आला की ब्रेक दाबायचा, एक पाय खाली टेकायचा आणि बोट दाखवायचं. "थांबा. हे बघा."

बोटापुढे जे येईल ते स्थळ. पहिले दोन-तीन रविवार मी खरं सांगितलं. एक वीरगळ होता, एक पडकं काळ्या दगडाचं देऊळ होतं, एक बुजलेली बारव होती. पण खरा इतिहास लवकर संपतो. चढ संपत नाहीत. मग मी मोकळ्या माळावर छावण्या उठवल्या, साध्या बांधाला तटबंदी केलं. मंडळी खूश होती. एकदा कप्तान म्हणाला, आपल्या इतिहासाची गंमत बघा, सगळा चढावरच घडलेला आहे. मी म्हटलं, मोक्याच्या जागा तिथेच असतात.

एका गावापुढे, त्याचं नाव सांगत नाही, रस्ता वळण घेऊन एकदम वर चढतो. त्या चढाच्या पायथ्याशी पाण्यालगत एक लांबट काळा दगड होता. मधोमध झिजून खोलगट झालेला, आणि दोन्ही टोकांना एकेक वाटीएवढं भोक. त्यावर एक बाई धुणं आपटत होती. माझी छाती तर चढ बघूनच वाजायला लागली होती. मी बोट दाखवलं.

नाशिकमध्ये दगडाला सीतामाईपर्यंत न्यायला फार अक्कल लागत नाही. मी सांगितलं की वनवासात सीतामाई पाणी भरायला इथे गुडघा टेकून बसायची, ही त्या गुडघ्याची खूण. आणि ही दोन भोकं? एकात हळद, एकात कुंकू. एवढं सांगेपर्यंत श्वास जागेवर आला. आमच्यातला एक होमिओपॅथीचा डॉक्टर सायकलवरून उतरून दगडाला हात जोडून उभा राहिला, तेव्हा मला हसू दाबावं लागलं.

बाकीचे चढाला लागले. मी मागे रेंगाळलो, तर ती बाई ओले हात झटकत म्हणाली, "भाऊ, उंबरा हाय त्यो. आमच्या सासऱ्याच्या दाराचा. घर पान्यात गेलं."

धरण भरलं तेव्हा नवऱ्याने आणि दिराने तेवढा एक दगड बैलगाडीत घालून वर आणला होता. भोकं बिजागऱ्यांऐवजी दाराच्या खुंट्या फिरायची होती आणि खळगा चार पिढ्यांच्या पायांचा. गाव वर आलं, पण पक्कं घर काही झालं नाही, कुडाचं छपरी घर, त्याला असला उंबरा कुठे बसवणार? पक्कं घर झालं की दाराला लावायचा. तोवर धुणं.

मी म्हटलं, "मावशी, मी आपली गंमत केली."

"मंग सांगा तुमच्या सीतामाईला," ती म्हणाली, "येताना साबन घिऊन ये."

आम्ही दोघेही हसलो. त्यानंतर मिसळीच्या टेबलावर हीच गोष्ट सांगितली असती तर सगळेच हसले असते. पण मग कुणीतरी विचारलं असतं की बनवलंस कशाला, आणि त्याचं उत्तर माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होतं. मी रस्सा मागवला. एका सिगारेटीपायी रामायणात भर घालणारा मी पहिलाच असेन.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरची आई गाडीतून खण-नारळ घेऊन आली. तिने दगडाची ओटी भरली. तिच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या. मावशीचा पुतण्या, त्याच दिराचा मुलगा, गावच्या राजकारणात होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला लवकर कळायचं. दगड पाण्याजवळून उचलून चौथऱ्यावर गेला. सिंहस्थ यायच्या आधी वर पत्र्याची शेड आणि समोर लोखंडी जाळी झाली. बायकांना सांगण्यात आलं की इथे धुणं धुवायचं नाही. आणि त्या भोकांमध्ये, एकात हळद आणि एकात कुंकू, खरोखरच भरलेलं असायचं. ते पाहिलं की मी नजर पाण्याकडे वळवायचो, पण हेही खरं सांगतो, की मंडळी तिथे थांबायची आणि "सांगा ना साहेब" म्हणायची, तेव्हा मी पुन्हा सांगायचो. चढ तोच होता आणि सिगारेटही सुटली नव्हती.

सिंहस्थ होऊन गेला आणि एका रविवारी मावशीने मला रस्त्यात अडवलं. तिला घरकुल मिळालं होतं. भिंती दारापर्यंत आल्या होत्या आणि गवंडी उंबरा मागत होता. पुतण्या म्हणत होता, देवाचा दगड, त्याच्यावरून पायतानं घालून कसं जायचं, काकी? मावशीने जुनी गोष्ट सांगितली, पण ती बैलगाडी बघितलेले नवरा आणि दीर दोघेही गेलेले. वर पुतण्याकडे मोठा साक्षीदार होता. नाशिकचे इतिहासवाले साहेब. म्हणजे मी.

"तुम्ही यकदा चला नि सांगा, उंबरा हाय म्हनून," ती म्हणाली. "तुमचं ऐकतीन. बाकी कायबी नको."

मी गेलो. शेडपुढे पुतण्या आणि गावातले चार-पाच जाणते बसले होते. मला खुर्ची दिली, टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ दिला. कप्तान आणि डॉक्टर कौतुकाने मागे उभे. मावशी जाळीला धरून उभी. पुतण्याने सरळ विचारलं की साहेब, तुमचं मत काय.

मी घसा साफ केला. म्हणालो, "इतिहासात ठामपणे काही सांगता येत नाही. आणि शेवटी हा लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

खोटं न बोलता खरं गिळायची ही सोय फक्त शिकलेल्या माणसाला असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीने पदर डोक्यावर ओढला आणि बांधकामाकडे निघून गेली. त्याच दिवशी गवंड्याने दुकानातली कडाप्प्याची पट्टी आणून दाराला बसवली. मी नारळ कॅरिअरला लावून घरी आणला. बायकोने त्याची चटणी केली. मला गेली नाही.

त्यानंतर मी ग्रुप सोडला. कारण सांगितलं, गुडघा दुखतो. दुसरा कुठला अवयव त्या वेळी सुचला नाही.

तीन-चार वर्षांनी खऱ्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरून बायकोसमोरच विचारलं, किती ओढता? सिगारेट सुटली, घरात आठवडाभर अबोला झाला आणि माझ्याजवळ लपवण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा मला सत्याची आठवण झाली. धैर्य म्हणतात ते हेच असेल तर स्वस्तच म्हणायचं.

एकटाच सायकल काढून गेलो. शेडमध्ये पुतण्या आणि दोघे-तिघे बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सिगारेट, दम, बोट, साबणाची थट्टा, मावशीचा उंबरा, आणि त्या दिवशी मी जे बोललो नाही ते. म्हटलं, दगड तिचा आहे, तिला द्या.

पुतण्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग हात जोडले.

"साहेब, तुम्हाला वाटतं तुम्ही बनवलं. पण तुमच्या तोंडून वदवलं कोणी? अहो, रेड्याच्या तोंडून वेद आलेच ना?"

दुसरा म्हणाला की एवढ्या रस्त्यात नेमका इथंच दम का लागावा, याचाही विचार केला पाहिजे. तिसऱ्याने सुचवलं की ही हकिगत फलकावर लिहून घेऊ. सिगारेट तेवढी गाळू.

मी मावशीच्या घरी गेलो. ती ओट्यावर सूप घेऊन नागली पाखडत होती. ओळखलं, पण हात थांबला नाही. मी शेडमधलं सगळं सांगितलं, रेड्यापर्यंत. तेव्हा ती हसली, पहिल्या दिवशी हसली होती तशी.

"म्हंजी तुला रेडा म्हनले."

इतकी वर्षं ती मला तुम्ही म्हणायची.

"तवा बोलला आसतास," ती सुपाकडे बघत म्हणाली, "तर मानूस म्हनले आसते."

माफ कर म्हणायला आलो होतो, ते जमेना. तिने सूप बाजूला ठेवलं, च्या टाकते म्हणाली आणि आत गेली. मी दाराशी आलो. कडाप्प्यावर सकाळची हळदकुंकवाची बोटं होती. सवयीप्रमाणे पाय उचलून उंबरा ओलांडायला लागलो, तर आतून ती म्हणाली, "ठेव पाय त्याच्यावर. झिजू दे जरा."

मी चपला बाहेर काढल्या आणि पाय ठेवला. दगड थंड होता, आणि अगदी सपाट.