जावईबापूंचा गाजलेला झेल

आता कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा घेताय तर ऐकाच. एका भल्या माणसाची मी भर सभेत शोभा केली, तीही शाल-श्रीफळ देऊन!

झालं असं, की माझी भाची मृणाल कॅनडाहून नवऱ्याला घेऊन नाशिकला आली. जावईबापूंचं नाव डॅन. चौकटीला डोकं लागेल एवढा उंच आणि स्वभावाने गाय. दहा-बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळून निवृत्त झालेला. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात धरून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर उड्या मारून पाडायचं! बिचाऱ्याचे गुडघे त्यातच गेले.

असा पाहुणा घरात, आणि मी कॉलनीचा कायमचा सूत्रसंचालक. गप्प बसेन? सत्कार ठरवून टाकला.

मृणाल म्हणाली, "मामा, नको रे. त्याला खेळाबद्दल बोललेलं आवडत नाही."

"अगं, मोठी माणसं असंच म्हणतात. विनय असतो तो!"

पण नुसती शाल देऊन कसं चालेल? पराक्रम दिसायला नको? मी इंटरनेटवर डॅनचे व्हिडिओ शोधले. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. म्हणून सरळ विचार केला, जो सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलाय तोच सगळ्यात भारी असणार. लाखोंनी पाहिलेला एक सापडला. झालं, तोच घेतला!

रविवारी हॉल भरला. फेटा, शाल, नारळ झालं. मी पडद्यावर व्हिडिओ लावला. डॅन जिवाच्या आकांताने पळतोय, चेंडू वरून येतोय, हातात येतो... आणि सुटतो. लोकांनी डोक्याला हात लावलेत, समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडतोय.

मी माइकवर ठोकून दिलं, "बघा मंडळी, चेंडू कसा बरोब्बर रेषेपलीकडे टाकला! यालाच तिकडे गुण मिळतात!"

टाळ्यांचा कडकडाट! माझे साडू लासलगावचे कांदा व्यापारी. ते पहिल्या रांगेतून उठून ओरडले, "लय भारी! वन्स मोअर!"

रसिकांची फर्माइश मोडायची कशी? पुन्हा लावला. पुन्हा टाळ्या. मग मलाही चेव आला, तिसऱ्यांदा सावकाश फिरवून दाखवला. डॅन नारळ छातीशी घट्ट धरून बसला होता, डोळे भरलेले. मी म्हणालो, "जावईबापू भारावले!"

मृणाल मागे फराळाच्या बश्या भरत होती. ती धावत आली आणि तिने वायरच उपटली.

नंतर तिने सगळं सांगितलं. तो अंतिम सामना होता. तो झेल सुटला, संघ हरला आणि पुढच्या हंगामात डॅनला कुणी घेतलंच नाही. खेळ तिथेच संपला. पुढे कित्येक वर्षं लोक त्याला रस्त्यात अडवून टोमणे मारायचे. "इथे कुणाला काही माहीत नव्हतं रे," ती म्हणाली. "किती मोकळा हिंडत होता तो नाशिकमध्ये!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान धरून डॅनसमोर उभा राहिलो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "इट्स ओके, मामा." दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

मृणालला म्हटलं, "चुकलं गं माझं. एकदा माफ कर."

"एकदा?" ती म्हणाली. "मामा, त्याच्या हातून तो बॉल एकदाच सुटला होता. तू तीनदा पाडलास. आणि शेवटचा तर स्लो मोशनमध्ये!"